ह्यांच्या वाट्याची डुबकी

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून लेकीने अंदमानची तिकिटं हातात ठेवली. नाशिकहून रात्रीच्या टॅक्सीने मुंबई, तिथून विमान, मग हॅवलॉकची बोट. सेल्युलर जेलमध्ये एक दुपार गेली. सावरकरांचं जन्मगाव भगूर आमच्या घरापासून पाऊण तासावर, त्यामुळे १९११ साली ह्या जेलमध्ये आणलेल्या विनायक सावरकरांच्या कोठडीसमोर दोघंही न बोलता उभे राहिलो. बाकी थोडक्यात सांगायचं तर मासे ताजे, जेवण महाग आणि डिसेंबरात संध्याकाळी पाचलाच सूर्य बुडतो. हॅवलॉकचं नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे, पण बोटवाले अजून हॅवलॉकच म्हणतात. मला लिहायचंय ते तिथल्या एका सकाळबद्दल.

स्कूबाची, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून समुद्रात खाली जायची हौस ह्यांची, माझी नाही. मी पंचवटीतली. पावसाळ्यात गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पाणी आलं की आजी नदीपात्रातल्या मारुतीच्या उंच मूर्तीवरून विचारायची, "दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलंय?" गुडघ्याला, कमरेला, छातीला, असं आमचं मोजमाप. सप्टेंबर २००८ चा पूर मी माहेरच्या गच्चीवरून पाहिलाय. पाण्याची धास्ती तेव्हा बसली ती बसलीच. हे मात्र सावरकर तलावावर वर्षानुवर्षं पोहणारे. तिकिटं आल्यापासून रोज जेवताना माझी शिकवणी चालायची. दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो. कान दुखायच्या आत नाक दाबून हवा फुंकायची. श्वास कधीही रोखायचा नाही. अंगठा वर म्हणजे 'छान' नव्हे, 'वर चला'. आणि पाण्यात लाल रंग सगळ्यांत आधी जातो. "आपण दोघं बघू," म्हणायचे.

किनाऱ्यावरच्या केंद्रात फॉर्म भरायला दिला. त्यात प्रश्न, दमा आहे का? काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सगळीकडे नो टिक करा सर, सगळे तेच करतात." त्याचं ते वाक्य मला अजून टोचतं. ह्यांना अधूनमधून पंप लागतो. खाली छातीत घेतलेली हवा वर येताना फुगत जाते. दम्याने आवळलेल्या नळीमागे ती अडकली तर फुप्फुस फाटू शकतं. हे सगळं ह्यांनीच मला वरणभात कालवता कालवता सांगितलेलं. पेन क्षणभर थांबलं, मग ह्यांनी 'हो'वर खूण केली.

इन्स्ट्रक्टरने फॉर्म वाचला आणि ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "सर, डॉक्टर की चिठ्ठी के बिना मैं नहीं ले जाऊँगा." त्या माणसाबद्दल मला आदरच वाटतो. केंद्राने मात्र ह्यांचे पैसे परत दिले नाहीत, त्याचा राग गेलेला नाही. त्याहून जास्त लागलं ते आमचंच. छातीच्या डॉक्टरकडे जायला नाशिकात सहा महिने होते. एक दुपार पुरली असती. मीही मागे लागले नाही. जाणार असाल तर हा फॉर्म घरीच वाचा, डॉक्टरांना दाखवा.

"मग मीही नाही जात," मी म्हटलं.

"तू जा. मला येऊन सांग."

मास्कच्या काचेवर आतून थुंकी चोळायची आणि विसळायची, म्हणजे वाफ धरत नाही. नाक मास्कमध्ये बंद. दातांत रबर धरून तोंडानेच श्वास. उथळ पाण्यात सराव सुरू झाला आणि डोकं आत जाताच मी धडपडून उठले. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या वेळी बाजूला पाहिलं तर हे चष्म्यासकट पाण्यात उभे. पाणी अगदी दुतोंड्याच्या कमरेएवढं. उजव्या हाताची दोन बोटं जुळवून वर्तुळ धरलेलं. 'ठीक आहे' ही खूण. मी तशीच खूण केली आणि डोकं खाली घातलं.

आत फक्त आपलाच श्वास ऐकू येतो. ओढताना खरखर, सोडताना बुडबुडे. तीनेक मीटरवर डाव्या कानात सुई टोचल्यासारखं झालं. नाक दाबून फुंकलं, आत 'टक' वाजलं आणि दुखणं गेलं. इन्स्ट्रक्टरने मागून सिलिंडर धरलेला होता. प्रवाळ सगळं रंगीत नव्हतं, बरंचसं राखाडी, मोडलेलं. शेजारच्या गटातल्या कॅमेरावाल्याने फोटोसाठी बिस्किटांचा चुरा सोडून मासे गोळा केले, ते मला मुळीच आवडलं नाही. त्याच्या पलीकडे एका दगडावर समुद्रपुष्पाच्या, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या एका समुद्री प्राण्याच्या, बोटाबोटांतून नारिंगी-पांढरे क्लाउनफिश डोकावत होते. समुद्रपुष्पाचा डंख लहान माशांचा जीव घेतो, पण क्लाउनफिशच्या अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे त्यांना काही होत नाही. एक जण तरातरा माझ्या काचेपर्यंत आला, मला हाकलायला. करंगळीएवढा जीव! किती वेळ बघत राहिले कोण जाणे.

इन्स्ट्रक्टरने मनगटावरचा आकडा दाखवला: ९ मीटर. तेव्हा आठवण झाली. त्र्यंबकेश्वरचा दोरा माझ्या उजव्या हातात होता. निघायच्या आदल्या आठवड्यातला, कोरा, लालभडक. हात डोळ्यांपुढे आणला. दोरा मातकट तपकिरी दिसत होता, चहाच्या डागासारखा. हात उलटसुलट करून पुन्हा पुन्हा पाहिला. नीट सांगायचं होतं.

वर आले तेव्हा हे तिथेच उभे होते. रबर तोंडातून काढलं आणि मासे, कान, काही न सांगता आधी म्हटलं, "अहो, दोरा तपकिरी दिसला." ह्यांनी माझं मनगट धरून उन्हात वळवलं. थेंब गळणारा दोरा पुन्हा लाल झाला होता. "किती मीटरवर?" ह्यांनी विचारलं.