गॉटलँडला जायचं तर बोटीनंच

कोल्हापुरातून स्वीडनला जाऊन आलेली मंडळी आता घरटी भेटतात. मुलं तिकडं नोकरीला, मग आई-वडिलांची एक उन्हाळी वारी ठरलेली. आमचीही लेक स्टॉकहोमला असते. पण बहुतेक जण स्टॉकहोम बघतात, नॉर्वेचे फ्योर्ड बघतात आणि परततात. गॉटलँडचं नाव कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. म्हणून हे लिहायला बसले.

गॉटलँड हे बाल्टिक समुद्रातलं स्वीडनचं सगळ्यात मोठं बेट. स्वीडिश लोकांची सुट्टीची लाडकी जागा. विमानानं तासाभराच्या आत पोचता येतं आणि लेक तेच म्हणत होती. "आई, बाबांचा गुडघा दुखतोय, उगाच दगदग नको." पण यांनीच बोटीचा आग्रह धरला, आणि मला तर बोटच हवी होती. बेटाचा सगळा इतिहास जर जहाजांनी घडवलाय, तर त्याच्याकडं पाण्यावरूनच जायला हवं, असं माझ्या मनानं घेतलं होतं. मी शाळेत इतिहास शिकवला, निवृत्तीनंतर करवीर-राधानगरी भागातले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ कोरलेले दगड, बघत हिंडते. त्याचा या प्रवासाशी फार जवळचा संबंध निघाला.

बोट सुटते न्यूनेसहाम बंदरातून. स्टॉकहोमच्या लोकल गाडीनं तासाभराचा रस्ता, आणि स्टेशनाजवळच धक्का. गुडघेदुखीवाल्यांनाही काही जड नाही. जहाज मात्र बघत राहावं असं. सुमारे 200 मीटर लांब, दीड हजारावर माणसं घेणारं, द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालणारं. खालच्या मजल्यांवर मोटारी, ट्रक, सायकली ओळीनं आत जातात. वर खुर्च्या, खानावळ, मुलांना खेळायला जागा, कुत्र्यांना घेऊन बसणाऱ्यांसाठी वेगळा भाग. ही सेवा चालवणाऱ्या कंपनीचं मूळ 1865 सालातलं आहे.

सव्वातीन तासांचा प्रवास. आधी किनाऱ्यालगतची खडकाळ बेटं, त्यांच्यावर पाइनची झाडं आणि एखाददुसरं लाल लाकडी घर. मग हळूहळू सगळं मागं पडतं आणि चारी बाजूंना पाणीच. आम्ही जयसिंगपूरचं भडंग बरोबर घेतलं होतं, ते डेकवर बसून खाल्लं. शेजारी गॉटलँडच्याच एक आजी होत्या. त्यांनी मूठभर घेतलं, डोळ्यांत पाणी आलं तरी आणखी मागितलं. लेक दुभाषी झाली. आजी सांगत होत्या की बोट बारा महिने चालते, वादळात फेरी रद्द झाली की बेट नुसतं वाट बघत बसतं. नातवंडं येतात बोटीनं, म्हातारी माणसं मोठ्या दवाखान्याला जातात बोटीनं.

डेकवर मला एक गोष्ट सारखी जाणवत होती. मालवणला किंवा रत्नागिरीला समुद्र दिसायच्या आधी त्याचा वास येतो. इथं तो जवळजवळ नाहीच. बाल्टिकला नद्यांचं गोडं पाणी भरपूर मिळतं, आणि महासागराचं पाणी आत येतं ते डेन्मार्कजवळच्या अरुंद सामुद्रधुन्यांतून, थोडं थोडं. त्यामुळं महासागरात लिटरमागं 35 ग्रॅमच्या आसपास मीठ असतं, तर गॉटलँडजवळ वरच्या थरात सातच्या आसपास. भरती-ओहोटीही अशी जाणवत नाही.

पुढं क्षितिजावर विस्बी गाव उगवतं. आधी सांता मारिया कॅथेड्रलचे तीन काळे कळस, मग तटाचे बुरूज, मग उतारावरची तांबडी छपरं. गावाभोवतीचा मध्ययुगीन तट साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे आणि बराचसा अजून उभा आहे. 1995 पासून हे गाव जागतिक वारशाच्या यादीत आहे. पन्हाळ्याच्या तटावर वाढलेल्या आमच्या ह्यांनी पहिला दिवस त्या तटाच्या कडेनं चालण्यातच घालवला, गुडघ्याची आठवण न काढता. मला मात्र तटाची एक कथा सलत राहिली. 1361 मध्ये डेन्मार्कचा राजा वाल्देमार चालून आला तेव्हा बेटावरचे शेतकरी वेशीबाहेर लढून कापले गेले, आणि शहरातल्या व्यापाऱ्यांनी दारं बंदच ठेवली. तिथं एक दगडी क्रूस उभा आहे. नांगर धरणाऱ्या माणसांची ती आठवण आहे, तिथं थोडा वेळ थांबावं.

आता संग्रहालय. विस्बीतल्या गॉटलँड संग्रहालयात चित्रशिळांचं एक दालन आहे, आणि तिथं मी अक्षरशः जागच्या जागी उभी राहिले. साधारण पाचव्या ते अकराव्या शतकात या बेटावर मेलेल्यांच्या स्मरणार्थ चुनखडीचे उंच दगड उभारायची रीत होती. म्हणजे वीरगळच की! आपल्याकडं खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला घेऊन निघालेल्या अप्सरा, वर शिवलिंगापुढं बसलेला वीर, माथ्यावर चंद्र-सूर्य. त्यांच्याकडं खाली शीड फुगलेलं जहाज, वर घोड्यावरून येणारा वीर आणि पेयानं भरलेलं शिंग पुढं करून त्याच्या स्वागताला उभी असलेली स्त्री. सांदा गावचा एक जुना दगड तर तीन मीटरहून उंच आहे. वर सूर्यासारखं गरगरतं मोठं चक्र, त्याखाली दोन लहान चक्रं, आणि तळाशी वल्ही मारणारी माणसं बसलेली होडी. मरणानंतरचा प्रवासही त्यांना जहाजातूनच होणार असं वाटत असावं, असं अभ्यासक मानतात. सव्वातीन तास पाण्यावरून आल्यावर त्या होडीकडं बघताना ते मला पटलंच.

आपल्याकडं बोरिवलीजवळ एक्सरला जहाजांची लढाई कोरलेले वीरगळ आहेत. घाटावर समुद्र नाही, म्हणून आमच्या वीरगळांत घोडे आणि गाई. पण दगडाकडून माणसाला हवं होतं ते एकच. कोल्हापूरजवळच्या कसबा बीडला किती वीरगळ आहेत ते करवीरकरांना सांगायला नको. त्यांच्यावर असंच छप्पर असावं, शेजारी चार ओळींची पाटी असावी, असं मला मनापासून वाटतं.

बीडवरून आठवलं. तिथं पावसानंतर शेतात सोन्याची जुनी नाणी सापडतात. गॉटलँडलाही शेतातच 1999 मध्ये स्पिलिंग्ज नावाचा साठा सापडला. सुमारे 67 किलो चांदी आणि 14 हजारांवर नाणी, त्यांतली बहुतेक अरबी! बगदादच्या खलिफांच्या राज्यातली चांदी रशियातल्या नद्यांवरून या बेटावर आली होती. तो साठा बघताना मला कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयातला पोसायडन आठवत होता. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीत उत्खननात सापडलेला तो रोमन समुद्रदेव लहानपणापासून बघितलाय. समुद्रापासून इतक्या लांब तो कसा आला, हे मुलांना शिकवताना मी नकाशावर बोट फिरवायची. व्यापाराच्या वाटा कशा असतात हे या वेळी मी स्वतः त्या वाटेवरून जाऊन बघितलं.

दुसरी बोट लहान, पण यांना तीच जास्त आवडली. गॉटलँडच्या उत्तर टोकाला फोरो नावाचं बेट आहे. तिथं जायला फोरोसुंदहून पिवळी फेरीबोट. मोटार घेऊन चढायचं, दहा मिनिटांच्या आत पलीकडं. दाभोळ-धोपावेला करतो तसंच, फक्त इथं तिकीट नाही. स्वीडनमध्ये अशा फेऱ्या सरकारी रस्त्याचाच भाग धरतात, म्हणून फुकट. फोरोच्या किनाऱ्यावर समुद्रानं झिजवलेले चुनखडीचे सुळके उभे आहेत. दिग्दर्शक इंगमार बर्गमन इथंच राहायचे, 2007 मध्ये इथंच वारले. आम्ही गेलो त्या जूनच्या संध्याकाळी रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळला.

खाण्याचं थोडक्यात. तिथला खास पदार्थ केशर घातलेल्या भाताच्या खिरीचा, भट्टीत भाजलेला जाड केक. वर बेरीचा मुरंबा आणि साय. आपला केशरीभात आवडणाऱ्यांनी चुकवू नये.

जायचं असेल तर जून ते ऑगस्टची बोटीची तिकिटं खूप आधी काढा, सुट्ट्यांत सगळं स्वीडन तिकडं लोटतं. ऑगस्टमध्ये विस्बीत मध्ययुगीन सप्ताह भरतो, तेव्हा राहायला जागा मिळणं अवघड. डेकवर उन्हातही वारा बोचतो, कानाला मफलर हवाच. लेकीनं आता बॉर्नहोल्मचं काढलंय. ते डेन्मार्कचं बेट, पण बोट स्वीडनच्या यस्टादहून दीड तासाच्या आत पोचते. तिथं चार गोल चर्चं आहेत, हे ऐकल्यापासून हे गुडघ्याचे व्यायाम न चुकता करतायत.