बाईंच्या पडवीतली शाळा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठवा असा मेसेज ग्रुपवर आला तेव्हा मी डोक्यात यादी केली होती, झेंडावंदन, कार्तिकी जत्रेची सुट्टी, स्नेहसंमेलन, पटांगणातला खोखो, पण लिहायला बसले आणि जे लिहीन ते बाईंकडेच जायला लागलं. म्हणून आता बाईंबद्दलच लिहिते, बाकीच्यांनी बाकीचं लिहावं. नाव टाकत नाही, त्यांना ते आवडायचं नाही आणि आटपाडीत आमच्या वयाच्या कुणालाही नुसतं मराठीच्या बाई म्हटलं की पुरतं.

आम्ही 1996 च्या दहावीच्या. वर्गातल्या निम्म्या जणींचे वडील गलाईवर. माझे अण्णा कोइमतूरला, कुणाचे केरळात, कुणाचे पार उत्तरेत, जुनं सोनं-चांदी तेजाबात गाळायचं, धूर खायचा आणि महिन्याला मनीऑर्डर पाठवायची. उरलेल्या निम्म्यांचे वडील दिवाळी झाली की मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठाला. म्हणजे घरात आई, आजी आणि आम्ही पोरी. पोरगी सातवी झाली की बास, पुढे घरात पाणी कोण भरणार आणि धाकटी भावंडं कोण बघणार, हे ठरलेलंच असायचं. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता, घरात माणूसच नसायचं. बाई हे ओळखून होत्या, म्हणून त्या कधी कुणाच्या आईला रागावल्या नाहीत. शाळा सुटली की पिशवी घेऊन वस्तीवर जायच्या, चुलीपुढं बसायच्या, शेंगा फोडू लागायच्या आणि उठताना म्हणायच्या, "उद्या पोरीला धाडा हं, नायतर मी परत येईन." आणि त्या परत यायच्याच.

त्यांचं स्वतःचं घर काही रिकामं नव्हतं. सासूबाईंच्या अंगावरून वारं गेलेलं, त्या अंथरुणावर. स्वतःची दोन मुलं, दिराची दोन त्यांच्याकडेच शिकायला, डाळिंबाची बाग काका, म्हणजे बाईंचे यजमान, बघायचे पण मजुरांचा चहा-भाकरी बाईंकडेच. पहाटे उठून सासूबाईंचं सगळं उरकून, डबे भरून, घंटेच्या आधी त्या शाळेत. घरच्या कारणानं बाई उशिरा आल्या असं मला आठवतच नाही. सगळे म्हणतात बाईंनी समाजसेवा केली, पण त्या घर आणि गाव असं वेगळं धरतच नव्हत्या.

आता जे सांगायचं ते फार छोटं आहे पण मला तेच सगळ्यात जास्त आठवतं. आठवीत पत्रलेखन शिकवताना बाई म्हणाल्या, मित्राला सहलीचं वर्णन करणारं पत्र वगैरे काही नको, प्रत्येकीनं आपल्या वडिलांना खरं पत्र लिहायचं. पोस्टातून निळी आंतरदेशीय पत्रं त्यांनीच आणली, स्वतःच्या पैशानं. आम्ही गलाईवाल्यांच्या मुलींनी पटापट पत्ते घातले. पण मेंढपाळांच्या मुली गप्प. वडील आज एका गावाच्या शिवारात, चार दिवसांनी दुसऱ्या, त्यांना पत्ता कुठला घालणार. माझ्या शेजारी बसायची ती तर रडायलाच लागली. बाईंनी तिला एवढंच विचारलं, "तुझ्या बापाला शेवटचं कुणी बघितलं गं?" ती म्हणाली बकऱ्यांच्या एका व्यापाऱ्यानं. झालं, शनिवारी बाई आमच्यातल्या चौघींना घेऊन बाजारात गेल्या, शेळ्या-मेंढ्यांच्या त्या गर्दीत धुळीत पदर खोचून फिरल्या आणि व्यापाऱ्याला गाठून पत्र त्याच्या हातात दिलं. पत्त्याच्या जागी बाईंनीच सांगून लिहून घेतलं होतं, वडिलांचं नाव, खाली "मुक्काम मेंढरांच्या तळावर". त्या व्यापाऱ्यानं पत्र टोपीत ठेवलेलं मी बघितलंय.

उत्तर यायला बरेच दिवस लागले. आम्ही तर विसरलो होतो. एका शनिवारी तोच व्यापारी शाळेच्या फाटकात उभा. तेच निळं पत्र, कोऱ्या राहिलेल्या जागेत कुणाकडून तरी लिहून घेतलेलं, अक्षर शिक्षकाचं वाटत होतं. मजकूर दोन ओळींचा होता. मेंढरं माझी मी बघतो, पोरगी शाळेतच राहू दे, बाईंना नमस्कार सांगा. बाईंनी ते तिलाच वर्गात मोठ्यानं वाचायला लावलं. ती पुढे डीएड झाली, आज आपल्याच तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे.

दहावीच्या वर्षी लांबच्या वाड्यांवरच्या मुली बाईंच्या पडवीत झोपायला असायच्या, परीक्षेच्या आधीचे दोन महिने तरी. मी गावातलीच, पण हट्टानं जायचे. भाकरी आपापल्या घरची, कालवण बाईंचं. आणि अभ्यास कुणापुढे, तर सासूबाईंपुढे. बाईंनी तसंच ठरवून दिलं होतं, एकेकीनं त्यांच्या खाटेजवळ बसून धडा मोठ्यानं वाचायचा. आजींना हरिपाठ सगळा तोंडपाठ, त्यांची जीभ जड झाली होती तरी कवितेत आमचं अडखळलं की खाटेवरूनच हुंकार द्यायच्या, मग ती ओळ परत. आम्हाला अभ्यास झाला, आजींना सोबत झाली, आणि बाईंना तेवढ्या वेळात भांडी उरकता आली. बाईंचं असंच असायचं, एका कामात तीन कामं आणि कुणाला उपकार केल्यासारखं वाटू द्यायचं नाही.

पाण्याचं सांगितल्याशिवाय बाई पुऱ्या होणार नाहीत. 1993 साली आटपाडीत स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकारानं पाणी परिषद झाली, तेरा दुष्काळी तालुक्यांची ती चळवळ पुढे किती वर्षं चालली हे तुम्हाला माहितीच आहे. बाईंनी त्या आठवड्यात आम्हाला निबंधाला विषय दिला, आमच्या घरचं पाणी. किती घागरी, कुठून, कोण आणतं, एवढंच लिहायचं. सगळ्या वह्यांमध्ये आणणारी बाईच होती, एकाही घरी पुरुष नव्हता. मग त्यांनी फळ्यावर कृष्णा काढली, महाबळेश्वरला उगम पावून आपल्याच सांगली जिल्ह्यातून जाते आणि आपल्याकडे मात्र माणगंगा कोरडी, ती डोंगराच्या आडची पर्जन्यछाया, ते सगळं भूगोलाच्या सरांच्या आधी आम्हाला मराठीच्या तासाला कळलं. परिषदेला वस्तीवरच्या बायकांना घेऊन त्या स्वतः गेल्या. आज कृष्णेचं पाणी उचलून आणणाऱ्या टेंभू योजनेचं पाणी तालुक्यात आलंय, माझ्या माहेरच्या रानात आलंय, ते बघताना मला त्या वह्याच आठवतात.

रिटायर झाल्यावर तरी बसतील असं वाटलं होतं. पण बचत गट सुरू केले, बायकांना बँकेत नेऊन स्वतःची सही करायला लावली, अंगठ्याचं पॅड त्या मॅनेजरच्या टेबलावरून बाजूला सरकवायच्या. 2012-13 च्या दुष्काळात चारा छावण्या लागल्या, जनावरांबरोबर माणसं आणि पोरंही छावणीतच राहायला, तेव्हा बाई संध्याकाळी तिथं जाऊन पोरांना बसवून वाचून घ्यायच्या. तोवर सासूबाई गेल्या होत्या, काकाही थकले होते, बागेवर तेल्या रोग पडून बरंच नुकसान झालं होतं. त्या वर्षी मी माहेरी गेले होते, म्हटलं बाई आता जरा स्वतःकडे बघा, तर म्हणाल्या, "बघतेच की गं, हे माझंच हाय."

मी आज कोइमतूरला आहे, लग्नही गलाईवाल्याच्या घरातच झालं. दुकानाचा सगळा हिशेब, जीएसटी, बँक मीच बघते, तामिळही चांगलं येतं. आपल्याकडच्या गलाई कुटुंबांची इथं जन्मलेली मुलं मराठी बोलतात पण वाचता येत नाही, म्हणून रविवारी माझ्या हॉलमध्ये बसवते, आता बऱ्यापैकी मुलं येतात. गावाकडच्या आजीला पत्र लिहायला लावते. मुलं म्हणतात व्हॉइस मेसेज करतो ना, मी म्हणते तो पण करा, पण पत्र लिहा.

मागच्या वर्षी शाळेत येऊन गेले, मन जरा खट्टू झालं. फाटकाजवळचा लिंब नाही, आठवीच्या वर्गात निम्मे बाक रिकामे, सकाळी इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या गाड्या वाड्यांवरून पोरं भरून नेतात. नवीन इमारत छान आहे, कॉम्प्युटर आहेत, त्याचा आनंदच आहे. पण वाडीवरच्या मुलींना परीक्षेच्या काळात राहायची सोय अजून नाही, आणि बाईंचं आता वय झालं, पडवीत त्या एकट्याच असतात, गुडघे धरलेत, त्यांना आता हे झेपणार नाही.

समितीला माझी विनंती आहे की सुवर्णमहोत्सवाचा निधी कमानीवर घालण्याआधी मुलींसाठी शाळेच्या आवारात राहायची एक खोली, संडास-बाथरूमसह, बांधायचा विचार करावा. कोइमतूरच्या आम्ही सगळ्या गलाईवाल्यांनी मिळून पैसे जमवायला सुरुवात केली आहे, केरळातल्या आपल्या लोकांशीही बोलणं झालंय. खोलीला बाईंचं नाव द्यायचं की नाही ते मात्र आधी त्यांना विचारा, आणि विचारायला जाताना काम किती झालं ते सांगायची तयारी ठेवून जा, कारण त्या पहिलं तेच विचारतील.