करड्या स्कॅनमधली जादा ओळ

आमच्या ग्रंथालयात हस्तलिखितांचं स्कॅनिंग चालू आहे. आलेली पानं संगणकावर वाचून नोंदी करायला संस्कृतचे एक निवृत्त शिक्षक येतात. त्या दिवशी पंचरत्नी गीतेच्या पोथीवर ते अडले.

"अहो, इथं अर्धा श्लोक दोनदा आलाय. पाठभेद म्हणून नोंदवू का?"

ओळ स्वच्छ वाचता येत होती. मागे जराशी करडी छटा, एवढंच.

मी बासन सोडून मूळ पान काढलं. त्या ओळीवर हरताळ लावलेला होता. लिहिणाऱ्याला आपली चूक कळली होती आणि पिवळा लेप देऊन त्यानं ती झाकली होती. लेप झिजल्यामुळे खालची काजळाची शाई डोकावत होती. पान समोर असलं की तो पिवळा पट्टा आधी दिसतो, अक्षरं मागाहून. स्कॅन मात्र करड्या छटांत केलेलं, त्यामुळे रद्द केलेली ओळ पुन्हा पोथीत येऊन बसली. (हरताळ म्हणजे आर्सेनिकचं संयुग. बोट लागलं तर हात धुवावेत.)

सर खुर्ची ओढून बसले. "आता अजून काय काय गेलंय ते बघू."

बरंच गेलं होतं. 'अर्जुन उवाच', 'श्रीभगवानुवाच', दंड, श्लोकांक, सगळं हिंगुळानं लाल लिहिलेलं. पोथीत परिच्छेद नाहीत, शब्दांमध्येही जागा नाही. काळ्या अक्षरांच्या त्या सलग ओळींत बोलणारा बदलला हे डोळ्यांना लाल रंगच सांगतो. आपण त्याला सजावट म्हणून मोकळे होतो. मला ते विरामचिन्ह वाटतं. पडद्यावर कृष्ण आणि अर्जुन एकाच रंगात बोलत होते.

कंत्राटदाराच्या माणसाला बोलावलं. तो म्हणाला, "मॅडम, रंगीत केलं तर फाइल तिप्पट होणार." हिशोब बरोबर होता: करड्या छटांना एका बिंदूमागे 8 बिट, रंगाला 24.

सर म्हणाले, "त्या लेखनिकाला हिंगूळ काय फुकट मिळत होता?"

हस्तलिखितं रंगीत करायची, रंग पडताळायला शेजारी रंगपट्टी ठेवून, हे संध्याकाळपर्यंत ठरलं. छापील पुस्तकं करड्यातच राहतील. शिळाप्रेसच्या, म्हणजे दगडावरून छापलेल्या, पोथ्या कुठे मोजायच्या यावरून वाद अजून मिटलेला नाही. कार्यालय त्यांना छापील म्हणतं. माझ्या टेबलावर त्यांतलीच एक आहे, आणि तिच्यातली चित्रं छापल्यावर कुणीतरी हातानं रंगवलेली आहेत.