पन्हाळ्याचा तट आणि पाठीवरचे इंजिन
पन्हाळ्याच्या तटावरून खालची दरी पाहिली, की पाठीवर इंजिन बांधून उडणाऱ्या सैनिकापुढे या तटबंदीचा कितपत निभाव लागला असता, हा प्रश्न कोल्हापूरकराच्या मनात आल्यावाचून राहत नाही. भारतीय लष्करानेही जानेवारी 2023 मध्ये 48 जेटपॅक (अंगावर चढवून उडायची अशीच यंत्रे) घेण्याची प्रक्रिया सुरू केली होती. मात्र या यंत्रांचे दुखणे जुनेच आहे. अमेरिकी लष्करासाठी बेल कंपनीने बनवलेला आणि 1961 मध्ये उडालेला रॉकेट पट्टा हायड्रोजन पेरॉक्साइडपासून होणाऱ्या वाफेच्या झोतावर जेमतेम 21 सेकंद हवेत राहत असे. लष्कराने त्याचा नाद सोडला. ब्रिटनचे संशोधक रिचर्ड ब्राउनिंग यांनी बनवलेल्या उडत्या पोशाखात दोन्ही हातांवर छोटी जेट इंजिने असतात आणि हात किंचित फाकवून किंवा जवळ आणूनच तोल व उंची सांभाळावी लागते, मग उडताना बंदूक धरायची कशी? शिवाय तो कानठळ्या बसवणारा आवाज! (छापा घालायला ढोल-ताशा घेऊन निघण्यातलाच प्रकार.) म्हणून प्रत्यक्ष चढाईपेक्षा, 2021 मध्ये ब्रिटिश नौदलाच्या रॉयल मरीन्स या सैनिकदलाने करून पाहिल्याप्रमाणे, जहाजावर झटकन उतरून मागच्यांसाठी शिडी सोडणे किंवा दुर्गम डोंगरात जखमीपर्यंत वैद्यकीय मदतनीस पोहोचवणे, हीच कामे मला अधिक व्यवहार्य वाटतात.