डिनर दुपारचं असतं, डॉक

'स्लिप्ट इन टी'कॉइल-ऑइल, सिन्स डिनर. आ'म स्टार्व्ड.'

आजोबांचं हे वाक्य मी माझ्या समजुतीप्रमाणे कागदावर उतरवलं. रात्रीच्या जेवणानंतर तेलावरून पाय घसरला, भूक लागल्याची तक्रार. खाली ओळ टाकली: बोलणं विसंगत, गोंधळलेली मनःस्थिती. जेवणानंतर पडलेला माणूस उपाशी कसा असेल? गणित सरळ होतं.

२०१३ सालचा जानेवारी. उत्तर इंग्लंडातल्या शेफिल्डच्या एका रुग्णालयात वृद्धांच्या विभागात मला जेमतेम दोन महिने झाले होते. मी इचलकरंजीचा, एमबीबीएस मिरजेतलं. इंग्रजीची परीक्षा चांगल्या गुणांनी सुटली होती, डॉक्टरकीची तिथली परीक्षाही. परीक्षेच्या ध्वनिफितीतली माणसं स्वच्छ, इस्त्री केलेलं इंग्रजी बोलायची. शेफिल्डमध्ये उतरल्यावर पहिल्याच दिवशी बसड्रायव्हर मला 'लव्ह' म्हणाला. दाढीवाला, दणकट पुरुष. मी दचकलो. तिकडे पुरुष पुरुषालाही बिनदिक्कत 'लव्ह' म्हणतात, आपल्याकडे कोल्हापुरात 'भावा' म्हणतात तसं, हे कळायला आठवडा गेला.

फजित्या रोजच्याच होत्या. मधुमेहाची एक बाई म्हणाली, 'बाकी सगळं सोडलं डॉक्टर, पण स्पाइस सुटत नाही.' मी मायेने समजावलं की मसाल्याने साखर वाढत नाही, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या खातो. शेफिल्डात 'स्पाइस' म्हणजे गोळ्या-चॉकलेटं. पुढच्या तपासणीला तिची साखर कुठे गेली होती ते सांगत नाही.

तर त्या संध्याकाळी आठच्या सुमारास हे आजोबा ॲम्ब्युलन्समधून आले. वय ८४. सोबतच्या कागदावर एवढंच: पडले, शेजारणीला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेले आढळले. आयुष्य पोलादाच्या कारखान्यात, घणाच्या यंत्राखाली गेलेलं, त्यामुळे कान गेलेले. श्रवणयंत्र कुठेतरी पडलेलं. ते ओरडून बोलत होते आणि मी ओरडून विचारत होतो. माझे वडील यंत्रमागावर असायचे. सुट्टीच्या दिवशीसुद्धा घरात ते खटखटाटावर मात केल्यासारखे बोलायचे. त्यामुळे आवाज मला ओळखीचा होता, शब्द नव्हते.

म्हाताऱ्या माणसाची शुद्ध तपासायला तिकडे दहा प्रश्नांची एक चाचणी असते. वय, वर्ष, पहिलं महायुद्ध कधी सुरू झालं, राणीचं नाव (तेव्हा राणी होती), वीसपासून उलटे आकडे. मध्ये एक पत्ता लक्षात ठेवायला सांगतात: ४२, वेस्ट स्ट्रीट. हा पत्ता देशभर सगळ्यांनाच देतात, पण शेफिल्डात खरोखरच वेस्ट स्ट्रीट आहे आणि तिच्यावरून ट्राम जाते. आजोबांनी पत्ता लक्षात ठेवायचं सोडून, आता तिकडे कशाला जायचं, ट्राम बंद झाली असेल, असं काहीसं सुनावलं. मी शून्य दिला. एकूण दहापैकी चार.

कानाला लावायच्या थर्मामीटरने आकडाच दाखवला नाही, नुसतं 'लो'. दुसऱ्या कानातही तेच. कानात मळ असेल, पुन्हा घेऊ, असं ठरलं. आजोबा थरथरत नव्हते. थरथरले असते तर कुणाच्याही लक्षात आलं असतं. मी सँडविच आणि चहा सांगितला आणि डोक्याचा स्कॅन करून घ्यावा असं लिहायला बसलो.

सँडविच घेऊन आमची एचसीए आली. एचसीए म्हणजे आपल्याकडची आयाबाई आणि सिस्टर यांच्या मधली. पन्नाशीची, जन्म ॲटरक्लिफचा, म्हणजे पूर्वीच्या पोलाद कारखान्यांच्या ऐन पोटातला. तिने आजोबांचा हात हातात घेतला, घेतला तसा सोडला, आणि मला म्हणाली, 'हे कुणाला दिलंय, लव्ह? यांना भूक नाहीये.'

'ते स्वतः म्हणाले, स्टार्व्ड.'

'हो. म्हणजे गारठलेत.'

मग तिने तिथेच, पडद्याआड, ते वाक्य माझ्यापुढे सोलून ठेवलं. 'डिनर दुपारचं असतं, डॉक. रात्रीचा असतो तो टी.' म्हणजे आजोबा पडले दुपारी बाराच्या सुमारास. 'ऑइल' म्हणजे तेल नव्हे, 'होल'. 'कॉइल' म्हणजे 'कोल'. कॉइल-ऑइल ही परसातली कोळसा ठेवायची खोपट. आता कोळसा कुणी जाळत नाही, तिथे कुदळ-फावडी, रंगाचे डबे पडलेले असतात. म्हणजे हा माणूस जानेवारीच्या थंडीत उघड्या खोपटीतल्या फरशीवर दुपारपासून अंधार पडेपर्यंत पडून होता, मग कसाबसा सरपटत घरात आला आणि खुर्चीत बसला. शेजारणीने पाहिला तो खुर्चीतला माणूस.

एका वाक्यात तीन शब्द, आणि तिन्ही मला येत होते. एखादा अनोळखी शब्द असता तर मी विचारलं तरी असतं.

गुदद्वारातून तापमान घेतलं: ३२.४. शरीर पस्तिसाच्या खाली गेलं की हायपोथर्मिया म्हणतात, आणि बत्तिसाच्या आसपास थरथर मंदावत जाते, म्हाताऱ्यांत तर ती आधीच कमी असते. नाडी संथ होती, गोंधळ होताच. पुढचं सगळं ठरलेलं: गरम हवेचं पांघरूण, कोमट सलाइन, हृदयाच्या आलेखावर नजर, आणि अंग हलवायचं ते अलगद, कारण गारठलेलं हृदय धसक्याने बिघडू शकतं. घाई करायची नाही, तासाला थोडं थोडं. रात्रभर चाललं.

मध्यरात्रीच्या चहाला मी एचसीएला म्हटलं, गोंधळ तरी मी बरोबर ओळखला होता. ती म्हणाली, 'ओळखलास, पण चुकीच्या गोष्टीवरून. ते तुला काय म्हणत होते, ऐकलंस?' मी ऐकलं नव्हतं. 'दा. तुला दा म्हणत होते. त्यांच्या वयाचा माणूस डॉक्टरला कधी दा म्हणणार नाही.'

इथे माझे कान उघडले. शाळेत आपण शिकतो की इंग्रजीत तू नाही आणि तुम्ही नाही, सगळ्यांना 'यू'. शेफिल्डच्या जुन्या माणसांकडे दोन्ही आहेत. 'दाऊ' आणि 'दी' ही देवाच्या प्रार्थनेतली रूपं तिथे गल्लीत जिवंत आहेत, 'दा' आणि 'दी' होऊन. त्यावरून शेजारच्या बार्न्सलीचे लोक शेफिल्डकरांना 'दी-दार' म्हणून चिडवतात. मित्राला, भावाला, बायकोला 'दा'. साहेबाला, डॉक्टरला 'यू'. आणि कुणी आगाऊपणा केला तर तिथेही ऐकवतात: 'डोन्ट दी-दा मी.' मला अरे-तुरे करू नकोस! एचसीए हे बोलली तेव्हा मला माझी आजीच बोलल्यासारखं वाटलं.

'स्टार्व्ड'चा शोध मी नंतर घेतला. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ नुसता 'मरणे' असा होता, जर्मनमध्ये आजही त्याचा भाऊबंद शब्द मरण्यालाच वापरतात. दक्षिणेकडे तो उपासमारीने मरण्यापुरता उरला, उत्तरेकडे थंडीलाही चिकटून राहिला. आपणही 'गारठून मेलो' म्हणतोच. मिरजेत एक परप्रांतीय सहकारी होता, बाई 'जीव घाबरा होतोय' म्हणाली की तो 'भीती वाटते' असं लिहायचा. त्याला आम्ही हसायचो.

सकाळी आजोबांचं तापमान ३६ च्या वर होतं. सुटं श्रवणयंत्र शेजारणीने खोपटीतून शोधून आणलं होतं. मी पुन्हा दहा प्रश्न विचारले. नऊ. चुकलेला दहावा वेस्ट स्ट्रीटचाच, घराचा नंबर चुकला. आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी 'यू' आणि 'डॉक्टर', अगदी अदबीने. एचसीएने पलंगाच्या पलीकडून माझ्याकडे बघून भुवई उंचावली.

पुढच्या आठ-दहा दिवसांत त्यांनी मला बरंच शिकवलं. 'नेश' म्हणजे थंडी न सोसणारा, नाजूक. 'मार्डी' म्हणजे फुरंगटलेला. 'दिसेन' म्हणजे तू स्वतः. 'नाईन व्हाइल फाइव्ह' म्हणजे नऊ ते पाच, कारण तिथे 'व्हाइल' म्हणजे 'पर्यंत'. हे ऐकल्यावर मी वॉर्डातल्या औषधांच्या सूचना पुन्हा एकदा वाचून काढल्या. त्यांचा जुना कारखाना पाडून जिथे १९९० मध्ये मेडोहॉल नावाचा प्रचंड मॉल उभा राहिला, तिथे ते कधी गेले नव्हते. त्याचं नाव निघालं की एकच शब्द यायचा: 'नाउट'. काही नाही.

त्यांना घरी सोडलं त्या दिवशी मी दारापर्यंत गेलो. बाहेर बर्फ होतं, माझ्या अंगात पातळ जाकीट. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

'गेट दिसेन ए कोट, लॅड. दा लुक्स नेश.'

दा. मी पटकन त्यांच्या डोळ्यांत बघितलं. डोळे लख्ख होते.

'आ'म स्टार्व्ड,' मी म्हणालो.

आजोबा व्हीलचेअर ढकलणाऱ्या एचसीएकडे वळले आणि बहिऱ्या माणसाच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले, 'या पोराला कुणीतरी सँडविच द्या गं.'