फझ लावला की बेस गायब : माझा अनुभव

माझं फझ पेडल (बेस गिटारचा आवाज मुद्दाम करकरीत करणारं, पायाने चालू-बंद करायचं उपकरण) दुरुस्तीला देऊन मी सतरा दिवस वाट पाहिली. तीन फेऱ्या मारल्या, तपासणीचे पाचशे रुपये भरले आणि पेडल जसंच्या तसं परत आलं. सोबत एकच वाक्य मिळालं, "पेडल ओके आहे." पेडल खरंच ओके होतं. पण ते कशासोबत वापरतोस, कुठे जोडतोस, हे त्या काउंटरवर एकानेही विचारलं नाही. तो राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. तुमचे तरी एवढे दिवस जाऊ नयेत म्हणून लिहितोय.

मी पुण्यात एका बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. चार तारांची साधी पॅसिव्ह (आत बॅटरी नसलेली) गिटार, ट्यूनर, कॉम्प्रेसर (आवाजाची चढउतार कमी करणारं पेडल), बस. आमच्या दोन गाण्यांत गिटारवाला सोलोला वर जातो आणि त्याच्यामागे एकदम पोकळ वाटायला लागतं. ती जागा भरायला मी फझ घेतला. घरी छोट्या अ‍ॅम्पवर आवाज जबरदस्त यायचा. जॅमरूममध्ये ड्रम सुरू झाले, मी फझवर पाय दिला आणि ड्रमरने वाजवता वाजवता मान वर केली, "अरे, बेस कुठे गेला?"

घरचा अ‍ॅम्प इथे फसवतो. बेसची मोकळी ई तार ४१.२ हर्ट्झला वाजते, गिटारची ८२.४ ला. माझ्या आठ इंची स्पीकरमधून ४१ हर्ट्झ धड येतच नाही, त्यामुळे काय गेलं ते घरी कळणारच नव्हतं. वरची करकर तेवढी ऐकू येते आणि तीच जाड वाटते. फझ आवाजाची लाट वरून-खालून छाटतो, त्यातून वरच्या सुरांची गर्दी होते आणि मूळ सूर मागे पडतो. त्यात गिटारसाठी केलेली बरीच पेडलं खालचा भाग मुद्दाम कमी घेतात. ट्यूब स्क्रीमर या गिटारच्या पेडलच्या मूळ सर्किटमध्ये साधारण ७२० हर्ट्झच्या खाली गेन (सिग्नल किती वाढतो ते प्रमाण) उतरत जातो. गिटारला त्याने नेटकेपणा येतो, पण बेसवरच्या प्रत्येक पट्टीचा (फ्रेटचा) मूळ सूर त्या रेषेच्या खालीच आहे.

यावरचा उपाय बेसवाल्यांना माहीत असतो : क्लीन, म्हणजे फझ न लागलेल्या, आवाजाला हातच लावायचा नाही. त्याची वाट वेगळी ठेवायची, फझची वाट शेजारून न्यायची आणि शेवटी दोन्ही मिसळायच्या. काही पेडलवर त्यासाठी ब्लेंडचा नॉब असतो. सॅन्सअ‍ॅम्प बेस ड्रायव्हरवर आहे, बॉसच्या ओडीबी-३ वर तो बॅलन्स नावाने आहे. माझ्या फझवर नव्हता, म्हणून बॉसचा एलएस-२ लाइन सिलेक्टर घेतला. त्यात दोन लूप (आवाज बाहेर नेऊन परत आणायच्या वाटा) असतात, दोन्हींचा लेव्हल वेगळा. एका लूपमध्ये फझ घातला, दुसऱ्यात वीतभर पॅच केबल लावून क्लीन तसाच परत आणला. जोडाजोड दहा मिनिटांत झाली.

आणि आवाज आधीपेक्षा बारीक झाला.

नुसता क्लीन ठेवला तर भरदार. नुसता फझ ठेवला तर बरा. दोन्ही एकत्र केले की खालचा सगळा आवाज कुणीतरी उपसून नेल्यासारखा. क्लीन वाढवला की अजून बारीक व्हायचा, मग एका ठिकाणानंतर पुन्हा जाड व्हायला लागायचा. मी केबल बदलल्या, लूप अदलाबदल केले, कॉम्प्रेसर काढून पाहिला. अ‍ॅम्पवर बेसचा नॉब पूर्ण फिरवला, तर दरवाजा थरथरायला लागला पण सूर काही परत आला नाही. चार रात्री हेच. शेवटी माझी खात्री झाली की फझमध्येच काहीतरी बिघडलंय, आणि तिथून ते सतरा दिवस सुरू झाले.

पहिल्या आठवड्यानंतर फोन केला तर "बघतोय". दहाव्या दिवशी गेलो तर पेडल ज्या पिशवीत दिलं होतं त्याच पिशवीत, गाठसुद्धा मीच मारलेली. चौदाव्या दिवशी दुकान बंद. सतराव्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर त्यात गिटार लावली, एक कॉर्ड छेडली आणि म्हणाले, "येतोय की आवाज." येणारच होता. एकट्या पेडलचा आवाज माझ्याकडेही येत होता. मी मिसळण्याचं सांगायला लागलो तोवर पुढच्या माणसाचा कीबोर्ड काउंटरवर आला होता.

उत्तर मिळालं ते आमच्या पेठेतल्या मंडळाचं साउंड लावणाऱ्या दादांकडून. मी पेडल घेऊन त्यांच्या गोडाऊनवरून येत होतो, चेहरा बघून त्यांनी हाक मारली. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "फेज बघितलास का?"

मी नुसता बघत राहिलो. त्यांनी कोपऱ्यातला एक उघडा बारा इंची स्पीकर ओढला, खिशातल्या टॉर्चमधला पेन्सिल सेल काढला आणि दोन वायरी त्याला टेकवल्या. टक्‌ असा आवाज आला आणि कोन किंचित बाहेर आला. वायरी उलट केल्या, टक्‌, कोन आत गेला. "दोन टॉप स्पीकर शेजारी लावले आणि एकाचा प्लस-मायनस उलटा झाला, तर काय होतं? एक हवा ढकलतो, दुसरा ओढतो. पब्लिकला बेस लागत नाही. पोरं नवीन असली की दर गणपतीत एकदा तरी होतंच. तुझ्या डबड्यात तेच होत असणार."

घरी येऊन तपासलं. एलएस-२ चा एक सेंड (लूपची बाहेर जाणारी बाजू) थेट ऑडिओ इंटरफेसच्या, म्हणजे आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या उपकरणाच्या, पहिल्या इनपुटला, दुसरा फझमधून दुसऱ्या इनपुटला. मोकळी ए तार, ५५ हर्ट्झ, एकदाच जोरात छेडली. दोन्ही ट्रॅक एकाखाली एक ठेवून मोठे केले. वरच्या ट्रॅकवर तार सुटल्या क्षणी गोलसर डोंगर वर चढत होता. खालच्या ट्रॅकवर त्याच जागी, माथा छाटलेली, खाली जाणारी दरी. पुढेही तसंच, तिथे वर तर इथे खाली. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये खालचा ट्रॅक इन्व्हर्ट केला, दोन्ही एकत्र वाजवले आणि खालचा सूर छातीत लागला. रात्रीचे साडेबारा वाजले होते. मी हेडफोन काढून पाच मिनिटं गप्प बसून होतो.

म्हणजे माझा फझ सिग्नल उलटा करून देतो. बिघाड म्हणून नाही, त्याचं सर्किटच तसं आहे. ट्रान्झिस्टरची साधी अ‍ॅम्प्लिफायर पायरी सिग्नल उलटवतेच. अशा पायऱ्या विषम असतील तर शेवटी आवाज उलटाच निघतो. एकटं वाजवताना कानाला काही फरक पडत नाही. क्लीनसोबत मिसळला की दोघांमधला समान भाग एकमेकांना खातो, आणि दोघांत सगळ्यात जास्त समान असतो तो खालचा मूळ सूर.

दुरुस्ती मी स्वतः केली आणि त्याचा मला अभिमान आहे. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तापकीर गल्लीतून, टीएल०७२ ही ऑप-अँप चिप आणली, वडापावच्या पैशात येते. इनपुटपासून पिन २ ला १०० किलोओहमचा रेझिस्टर, पिन १ वरून परत पिन २ ला तेवढाच दुसरा. दोन्ही सारखे, म्हणून आवाज वाढत नाही की घटत नाही, फक्त उलटतो. पिन ३ ला १० किलोओहमच्या दोन रेझिस्टरनी सप्लायचं अर्धं व्होल्टेज. आत येताना आणि बाहेर जाताना एकेक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. हा छोटा घेऊ नका : इनपुटला ०.०१ मायक्रोफॅरड लावलात तर १५९ हर्ट्झच्या खालचं तिथेच उतरायला लागेल. हे सगळं एका डबीत घालून ती फझनंतर, त्याच लूपमध्ये बसवली. सोल्डरिंग जमत नसेल तर फेज उलटायचं बटण असलेले ब्लेंडर पेडल मिळतात, सरळ तेच घ्या. विकत घेण्याआधी ते बटण आहे ना, एवढं मात्र बघाच.

इंटरफेस नसेल तर कानानेही कळतं. दोन्ही वाटांचा आवाज वेगवेगळा ऐकून सारखा करा आणि मग एकत्र करा. एकत्र केल्यावर खाली दोन्हींपेक्षा बारीक वाटला तर फेज उलटा आहे. हे मोठ्या स्पीकरवर करा, माझ्यासारखं खोलीतल्या अ‍ॅम्पवर नको.

एका वाटेत डिजिटल पेडल असेल तर गोष्ट वेगळी. ते आवाज थोडा उशिरा देतं. दोन मिलिसेकंद उशीर झाला तरी २५० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, आणि उलटवलं तरी खड्डा जात नाही, फक्त जागा बदलतो. अशा पेडलवर त्याचाच ब्लेंड असेल तर तो वापरावा.

एक गोष्ट खरं तर आधी सांगायला हवी होती. हे सगळं तपासताना मी चारही पेडलं एकाच अ‍ॅडॉप्टरच्या माळेवर लावली होती आणि मागे सतत घूं चालू होतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ई तारेवर तिसऱ्या पट्टीचा जी ४९ हर्ट्झचा. तो धरला की सेकंदाला एकदा आवाज फुगायचा आणि बसायचा, आणि मी बिचाऱ्या गिटारच्या नेकला दोष देत होतो. प्रत्येक पेडलला वेगळी लाइन देणारा आयसोलेटेड सप्लाय घेतल्यावर ते थांबलं. त्यात काटकसर करू नका.

ऑक्टेव्हर (एक सप्तक खालचा सूर जोडणारं पेडल) असेल तर फझच्या आधी ठेवा, त्याला स्वच्छ एकेरी सूर लागतो. शोला डीआय (सिग्नल थेट मिक्सरला देणारी जोडणी) सगळ्या पेडलांच्या शेवटी द्या, आणि साउंडचेकला फझ चालू करूनच खालचा आवाज दाखवा. नाहीतर साउंडवाला क्लीनवर सेट करून मोकळा होतो.

दुरुस्तीला द्यायचंच असेल तर एकटं पेडल देऊ नका. गिटार, बोर्ड, केबल सगळं घेऊन जा आणि तुमच्यासमोर जोडायला लावा. नाही म्हणाले तर परत या.

माझी डबी ९ व्होल्टवरच चालवतो. चिपला १८ चालले असते, पण कपॅसिटर मी १६ व्होल्टचे लावलेत, तेव्हा डबीवर मार्करने ९ लिहून ठेवलंय.