चाकणची नोकरी, रांजणगावची ऑफर

चाकणच्या कंपनीत क्वालिटी इंजिनिअर म्हणून लागले आणि प्रोबेशन संपायच्या आतच रांजणगावच्या एका कंपनीचं ऑफर लेटर मेलवर येऊन पडलं. त्या मुलाखती मी चाकणला लागण्याआधीच दिल्या होत्या. मध्ये त्यांची भरती थांबली होती, ती पुन्हा सुरू झाली. उत्तर द्यायला आठवडाभराची मुदत होती.

मैत्रिणी म्हणाल्या, ‘सात वीसवरून थेट नऊ, विचार कसला करतेस?’ आई म्हणाली, ‘आत्ता कुठे लागलीस, लोक काय म्हणतील?’ सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि रात्री वही उघडली.

7,20,000 आणि 9,00,000 हे दोन्ही आकडे सीटीसीचे, म्हणजे कंपनी माझ्यावर वर्षाला करणार त्या एकूण खर्चाचे. बारानं भागलं तर महिन्याला पंधरा हजारांचा फरक दिसतो. पण नऊ लाखांत 90,000 व्हेरिएबल होतं, म्हणजे कंपनीचं वर्ष कसं जाईल त्यावर. कंपनीच्या वाट्याचा पीएफ बेसिकच्या 12 टक्के, ग्रॅच्युइटी 4.81 टक्के आणि मेडिक्लेमचा हप्ता, हे सगळं त्यातच धरलेलं. ग्रॅच्युइटी तर पाच वर्षं टिकलं तरच हातात पडते. उरले महिन्याला 60,000. त्यातून माझा पीएफ आणि 200 रुपये प्रोफेशनल टॅक्स गेला की इन हँड 55,300. चाकणला व्हेरिएबल नव्हतं, तिथे याच हिशेबानं 51,000 च्या थोडे वर मिळत होते. म्हणजे खरा फरक जेमतेम चार हजारांचा. मोशीची खोली सोडून शिक्रापूरला राहायला जायचं तर डिपॉझिट आणि सामान हलवण्यात पहिले काही महिने तेही गेलेच असते.

हा हिशेब झाल्यावर मला मोकळं वाटलं. पैशासाठी जायचं नाही एवढं नक्की झालं. आता प्रश्न फक्त कामाचा होता, आणि खरी सल तिथेच होती.

चाकणच्या मुलाखतीत मला एनपीडीचं, म्हणजे नवीन पार्ट विकसित करण्याचं, काम सांगितलं होतं. नवीन पार्टचा एफएमईए (काय बिघडू शकतं याचा आधीच केलेला अभ्यास), कंट्रोल प्लॅन (काय, कसं तपासायचं ते), ट्रायल, पीपॅप सबमिशन (कस्टमरच्या मंजुरीसाठीची कागदपत्रं). त्यासाठीच आधीची नोकरी सोडली होती. प्रत्यक्षात रुजू झाल्यावर काही दिवसांतच मला कस्टमरच्या प्लँटवर रेसिडेंट म्हणून, म्हणजे आमच्या कंपनीचं माणूस म्हणून तिथेच थांबायला, पाठवलं. सकाळी लाइन रिजेक्शनची, म्हणजे त्यांच्या लाइनवर नाकारलेल्या आमच्या पार्टची, लाल क्रेट समोर यायची. ब्रॅकेट उचलायचं, भोकात गो-नो-गो गेज घालायचा, गो बाजू आत गेली आणि नो-गो बाजू अडली तर पिवळ्या मार्करचा ठिपका, नाहीतर बाजूला. दुपारपर्यंत बोटांना गंजरोधक तेलाचा वास चिकटलेला असायचा. संध्याकाळी आकडे मेल करायचे. दोष कशामुळे येतोय हे शोधायचं काम प्रेस शॉपवाल्यांचं. माझ्याकडे फक्त निवडणं. हे काम हलकं आहे असं मी कधीच म्हणणार नाही. एक चुकीचा पार्ट पुढे गेला तर लाइन थांबते. पण मी हेच काम आधीच्या कंपनीत भरपूर केलं होतं.

ऑफरला उत्तर देण्याआधी आमच्या सरांशी बोलायचं ठरवलं. ऑफरचा विषय काढला नाही. ती दाखवून पगार वाढवून घेणं मला पटत नाही. थेट विचारलं, ‘सर, एनपीडीचं काम मला कधी मिळेल?’

त्यांनी टोलवाटोलवी केली नाही. म्हणाले, ‘खरं सांगतो, तो प्रोजेक्ट कस्टमरनं पुढे ढकललाय. पुढच्या वर्षाआधी काही धरून चालू नकोस. तोवर तिकडे माणूस लागणारच.’

या उत्तरासाठी मी त्यांची आजही आभारी आहे.

मग रांजणगावला फोन लावला. एकदा फसगत झाल्यावर ‘एनपीडी’ या तीन अक्षरांवर भागणार नव्हतं. एचआर मॅडमना म्हटलं, ज्यांच्या हाताखाली काम करायचं त्यांच्याशी बोलायचंय. त्यांनी जोडून दिलं. मी विचारलं: पार्ट कोणता, टूल कुठे बनतंय, पहिली ट्रायल कधी, ही जागा नवीन आहे की कुणी सोडून गेलंय? बॅटरीच्या ट्रेचा पार्ट होता, टूल भोसरीत बनत होतं, ट्रायलचा महिना ठरलेला होता आणि जागा नवीन होती. त्या साहेबांना प्रश्नांचा राग आला नाही, उलट तेच ड्रॉइंगबद्दल बोलत सुटले. मग कामाचं स्वरूप ऑफर लेटरमध्ये लिहून मागितलं. दोन दिवसांत सुधारित पत्र आलं.

बाबा एसटीत मेकॅनिक होते, सगळी नोकरी एकाच डेपोत. ते अडवतील असं वाटलं होतं. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, ‘तिथून निघताना काम अर्धवट टाकून निघणार नाहीस ना?’

सही केलेलं पत्र परत पाठवलं, त्यांची मेडिकल झाली, आणि त्यानंतरच राजीनाम्याचा मेल केला. प्रोबेशनमध्ये नोटीस पंधरा दिवसांची होती, कन्फर्म झाल्यावर दोन महिन्यांची झाली असती. त्यामुळे ताटकळत राहण्यात अर्थ नव्हता. सरांना मेल जायच्या आधी समोर बसून सांगितलं. ते नाराज झाले, तसं बोलूनही दाखवलं, पण सही केली. नोटीसच्या काळात माझ्या जागी आलेल्या मुलाला सोबत घेऊन प्रत्येक पार्टचे दोष फोटोसकट एका शीटमध्ये लावून दिले आणि प्लँटमधल्या लाइन लीडरशी त्याची ओळख करून दिली.

कुणीतरी सुचवलं होतं की ही छोटी नोकरी सीव्हीत दाखवूच नकोस. ते मला मान्य नव्हतं, आणि लपणारही नव्हतं. नोकरी बदलली तरी यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, एकच असतो, पीएफच्या नोंदीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसतेच. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले तिथेच आधी बघतात. मी नोकरी आणि सोडण्याचं कारण दोन्ही लिहिलं. रिलीव्हिंग लेटर हातात घेऊनच बाहेर पडले. चाकणचा पगारही नव्या कंपनीला कळवला, नाहीतर दोन्हीकडे टॅक्स वेगवेगळा मोजला जातो आणि रिटर्न भरताना गोंधळ होतो.

रांजणगावला पहिल्याच आठवड्यात एफएमईएच्या बैठकीत बसवलं. वेल्डिंगवाल्यांनी एका जोडात दोष किती वेळा येईल याचा आकडा कमी धरला होता. लाल क्रेटमधून येणारे तसलेच पार्ट मी कितीदा हाताळले होते, त्यामुळे तो आकडा वाढवा म्हणून मी अडून बसले. तासभर वाद झाला आणि शेवटी तो वाढवला.